एका शब्दाची भिंत

स्वातीचा फोन आला तेव्हा मी बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी लाइनीत उभा होतो. पेन्शनर माणसाला दर नोव्हेंबरात आपण अजून आहोत असं सही करून सांगावं लागतं. माझ्यापुढं सात-आठ जण होते, एका आजीबाईंचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता आणि काउंटरवरची मुलगी त्यांना तो पदराला पुसून पुन्हा टेकवायला सांगत होती. स्वाती म्हणाली, ‘सर, मावशी गेली. सकाळी सव्वानऊला.’ मी ‘बरं’ म्हणालो. अशा वेळी माणूस काय म्हणतो हे मला साठी उलटून गेली तरी कळलेलं नाही. फोन खिशात ठेवला आणि मी लाइन सोडली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात माझा हा स्वभावच मुख्य आरोपी आहे. पाऊण तास उभा राहिलो, सही केली, पोच घडी घालून पाकिटात ठेवली आणि मग इंदिरानगरहून पंचवटीला रिक्षा केली.

निर्मला खैरनार. शाळेत, गावात आणि आमच्या घरीसुद्धा ‘खैरनार बाई’. निफाड तालुक्यातल्या आमच्या माध्यमिक शाळेत त्यांनी तीसहून जास्त वर्षं इंग्रजी शिकवलं. मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी बोलणं अगदी प्रमाण, पण चिडल्या की अहिराणी बाहेर पडायची आणि वर्ग गप्प व्हायचा, कारण मुलांना त्यातलं अर्धं कळायचं नाही आणि जे कळायचं ते पुरेसं असायचं. नवरा लग्नानंतर चार वर्षांत गेला, मूलबाळ नव्हतं, बहिणीची मुलगी स्वाती लहानपणापासून त्यांच्याकडंच वाढली. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात दोन खोल्या. तिथून त्या रोज सकाळच्या एसटीनं शाळेत यायच्या आणि संध्याकाळी परत जायच्या. बसमध्ये पेपर तपासायच्या, त्यामुळं मुलांच्या उत्तरपत्रिकांवरच्या लाल खुणा नेहमी खड्ड्यांच्या हिशेबानं वरखाली गेलेल्या असत.

मी गणिताचा मास्तर म्हणून त्या शाळेत रुजू झालो तेव्हा बाई तिथं जुन्या झाल्या होत्या. पहिल्याच दिवशी मला आठवी ‘ब’चा वर्ग मिळाला. आत शिरलो तर मागची अख्खी भिंत लिखाणानं भरत आलेली. कुठं निळ्या ऑइलपेंटनं, कुठं गेरूनं, अक्षर कुणाचं सुवाच्य तर कुणाचं कोंबडीचे पाय. सगळ्यात वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत एकच शब्द, लाइन. मला वाटलं, शिस्तीचा काही तरी सुविचार असेल. डबा खाताना मी बाईंना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की आठवीच्या प्रत्येक पोराला दिवाळीच्या आत या एका शब्दाचा एक उपयोग घरून आणायचा असतो. पुस्तकातून नाही, घरून. कोण बोललं, कुणाला बोललं, कशासाठी, हे वर्गापुढं सांगायचं. आधीच्या कुणी आणलेला नसेल तर स्वतःच्या हातानं भिंतीवर लिहायचा आणि खाली नाव टाकायचं. आधीचा निघाला तर पुन्हा घरी जाऊन दुसरा शोधायचा. भिंत दरवर्षी तीच राहायची, शब्दही तोच. त्यामुळं पुढच्या वर्षीच्या मुलांना मागच्यापेक्षा जास्त पायपीट करावी लागायची.

‘एकच शब्द का?’ मी विचारलं. अभ्यासक्रमात पाच-सहाशे शब्द होते.

‘सर, पाचशे शब्द ओळखीपुरते येतात. एक तरी पूर्ण येऊ दे,’ बाई म्हणाल्या. ‘पुस्तकातली इंग्रजी पाहुणी असते. घरातली सून झालेली असते. मला सुनेची चौकशी करायची आहे.’

मला हा वेडेपणा वाटला होता, खोटं कशाला बोलू. पण मुलं ज्या चीजवस्तू घेऊन यायची त्या ऐकून स्टाफरूममध्ये आम्हीही हसायचो, चकितही व्हायचो. रेशनची लाइन आणि लाइट गेल्यावरची लाइन तर पहिल्याच वर्षी लागल्या होत्या. मग द्राक्षबागेतली ठिबकची लाइन आली, पोलीस लाइनीत राहणाऱ्या मामाची आली, पेपर टाकणाऱ्या चुलत्याची आली, जो म्हणायचा की माझी सकाळची लाइन दीडशे घरांची आहे. ‘पोरगं लाइनीला लागलं’ हे एका आजोबांचं वाक्य होतं, नोकरी लागली या अर्थाचं. ‘आमचे भाऊ ड्रायव्हर लाइनला आहेत’ हे दुसऱ्या घरातलं. बाई प्रत्येकाखाली लहान अक्षरांत इंग्रज माणूस इथं काय म्हणेल ते लिहायच्या, आणि पुष्कळदा तो लाइन म्हणतच नसे. रांगेला तो दुसरा शब्द वापरतो, विजेला दुसरा, धंद्याला तिसरा. मुलांना याची फार गंमत वाटायची. शब्द त्यांचा, आणि वापरायची अक्कल आमची जास्त, असं एका मुलानं म्हटल्याचं बाई कौतुकानं सांगायच्या. त्या एका शब्दाच्या आडोशानं मुलं किती इंग्रजी शिकत होती हे मला फार उशिरा उमगलं.

एक प्रसंग तर गावभर झाला. एका पोरानं ‘लाइन मारणे’ आणलं. वर्ग खिदळला. बाईंनी त्याला शांतपणे विचारलं, घरात कोण म्हणालं? तो म्हणाला, आई बाबांना म्हणाली, लग्नाआधी तुम्ही माझ्यावर लाइन मारत होता ते आठवतं का. बाईंनी त्याला ब्रश दिला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील, जे ग्रामपंचायतीत सदस्य होते, तणतणत शाळेत आले. बाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, ‘भाऊ, तुमच्या पोरानं खरं तेच लिहिलंय. खोटं असेल तर सांगा, आत्ता पुसते.’ ते गृहस्थ चहा पिऊन निघून गेले. ओळ राहिली.

आणि संगीता. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला आमच्या भागात येतात, तशीच ती आली होती. तीन-साडेतीन महिने शाळेत बसली. बोलायचीच नाही. एक दिवस तिनं हात वर केला आणि सांगितलं की बागेत प्रत्येक जोडप्याला वेलींची एक लाइन मिळते, ती संपेपर्यंत बांधावर यायचं नाही. ‘आईची लाइन मागं राहली का आमी जेवत नाय,’ एवढंच ती म्हणाली. बाईंनी त्याखाली इंग्रजी लिहिलं नाही. हंगाम संपला, ते लोक निघून गेले, आणि पुढच्या तपासणीआधी संगीताचं नाव मीच पटावरून कमी केलं, कारण तेव्हा ते काम माझ्याकडं होतं. त्या भिंतीवर मात्र ते खाली डाव्या बाजूला तसंच होतं. ही एक ओळ माझ्या डोक्यात पक्की आहे, कारण त्या दिवशी माझा तास पुढचा होता आणि मी दारात खोळंबून उभा होतो.

यथावकाश मी मुख्याध्यापक झालो. नाकासमोर चालणारा माणूस, कागदी घोडे नाचवण्यात तरबेज, संस्थेला असाच पाहिजे असतो. एका मे महिन्यात संस्थेचं पत्र आलं. मूल्यांकन समिती जूनमध्ये येणार, प्रत्येक वर्गात ‘बोलक्या भिंती’ रंगवून घ्याव्यात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, भिंतींवर चित्रं, तक्ते, पाढे, मुळाक्षरं रंगवायची, म्हणजे मूल नुसतं बघूनही शिकेल, अशी ती कल्पना. वाईट नाही. नाशिकहून पेंटर आणला. त्यानं आठवी ‘ब’मध्ये येऊन मला विचारलं, सर, ही मागची भिंत घासून घेऊ का? मी किती वेळ विचार केला ते मला नक्की आठवतं, कारण खिशातून फोन काढून मी बाईंचं नाव शोधलं होतं. बाई सुट्टीत पंचवटीला घरीच होत्या. फोन लावला असता तर त्या नको म्हणाल्या असत्या, आणि त्यांनी नको म्हटल्यावर मला संस्थेला कारण लिहून द्यावं लागलं असतं. मी फोन परत खिशात ठेवला. पेंटरला म्हणालो, घ्या. बावीस वर्षांची खरोखर बोलणारी भिंत मी बोलक्या भिंतीसाठी पॉलिशपेपरनं घासून घेतली. असा गाढवपणा करायला मास्तरच लागतो.

शाळा उघडली त्या दिवशी बाई वर्गात गेल्या, मी मागोमाग. भिंतीवर सफरचंद, चेंडू, मांजर, आणि आय अक्षरापुढं बर्फाचं घर. पांढरंशुभ्र, शेजारी केसाळ कोट घातलेला माणूस. बाहेर बागांच्या कडेला धुरळा उडत होता. बाई एकेक चित्र बघत गेल्या. मी समितीबद्दल, पत्राबद्दल भराभर काहीबाही सांगत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, ‘सर, हे इग्लू कुणाच्या घरून आणलंत?’ एवढंच. आवाज चढला नाही, अहिराणी बाहेर आली नाही. आली असती तर बरं झालं असतं. समिती आलीच नाही. शेजारच्या गावातल्या शाळेत जेवून परस्पर परत गेली.

मी त्यांना म्हणालो, पुन्हा सुरू करा, दुसरी भिंत देतो. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. कुठं उतरवून ठेवलंय का, असंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, वहीत उतरवलं असतं तर मुलांनी वही बघितली असती, घरी कशाला विचारलं असतं? पुढची चार वर्षं, निवृत्त होईपर्यंत, बाईंनी पुस्तकातूनच शिकवलं. अभ्यासक्रम वेळेवर पूर्ण, निकाल चांगला, दप्तर चोख. माझ्याशी वागण्यात तसूभर फरक नाही. मधल्या सुट्टीत चहा, दिवाळीला फराळाचा डबा, माझ्या बायकोच्या आजारपणात रोज फोन. मी आपली समजूत करून घेतली की झालं गेलं विसरल्या. सोयीची समजूत करून घ्यायला माणसाला कष्ट पडत नाहीत…

यंदा होळीनंतरच्या आठवड्यात स्वातीचा फोन आला. बाईंना अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्यात पोचलो तेव्हा उजवा हात निर्जीव, तोंड किंचित वाकडं, पण डोळे लख्ख. मला ओळखलं. मी विचारलं, बाई, कसं वाटतंय? त्या म्हणाल्या, ‘नाही.’ पाणी देऊ का? ‘नाही.’ आणि डावा हात पेल्याकडं. तेवढा एकच शब्द उरला होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मेंदूचा बोलण्याचा भाग दुखावलाय, ऐकलेलं बरंचसं कळतं, पण नावं निघत नाहीत. वस्तूंची, माणसांची, सगळ्याची. आयुष्यभर जिनं मुलांना नाम म्हणजे काय हे शिकवलं तिची सगळी नामं एका दुपारी गेली. मी तिथं स्टुलावर बसून होतो तेव्हा सिस्टर आली आणि स्वातीला म्हणाली, ‘ताई, लाइन निघालीय, परत टाकायला लागेल.’ सलाइनच्या सुईबद्दल बोलत होती. बाईंनी डोळे उघडून थेट माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, हा भिंतीवर नव्हता. मी हलकेच विचारलं, ‘बाई, हा घ्यायचा?’ त्या म्हणाल्या, ‘नाही.’ तेवढं एक नाही मला खरं वाटलं. घरून आणलेला नव्हता ना.

घरी नेल्यावर बोलणं शिकवणारी एक मुलगी आठवड्यातून दोनदा येऊ लागली. तरुण, समजूतदार. ती स्वातीला म्हणाली, यांच्या रोजच्या आयुष्यातलं असं काही आणा जे यांनी शेकडो वेळा वाचलंय, म्हटलंय. एखादं स्तोत्र, यादी, काहीही. त्या वाटेनं कधी कधी शब्द परत येतो. बाई स्तोत्रं म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या. स्वातीच्या डोळ्यांत एकदम चमक आली. ‘सर, ती भिंत! मावशीला ती तोंडपाठ होती. तुमच्याकडं उतरवलेली असेल ना?’ स्वातीला काही माहीत नव्हतं. बाईंनी घरी सांगितलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभा राहून तिला सगळं सांगितलं, पेंटर, फोन, सगळं. गॅसवरचं दूध उतू गेलं ते तिनं पुसलं आणि बाहेर निघून गेली.

मग माझी धावपळ सुरू झाली. बैल गेला आणि झोपा केला, तशातली. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला, शाळेतल्या हजेरीच्या जुन्या कॅटलॉगवरून नावं काढून फोन केले. मुलं भली आहेत. कुणी ट्रॅक्टरवरून बोललं, कुणी पुण्याच्या कंपनीतून. प्रत्येकाला स्वतःचं आठवत होतं, फार तर शेजारच्या बाकावरच्याचं. अख्खी भिंत कुणालाच नाही. चाळीसेक ओळी जमल्या. एकानं एक फोटोही पाठवला, शिक्षकदिनाचा, आठवी ‘ब’मध्ये काढलेला. मागं भिंत आहे, पण पुढं एका रांगेत आम्ही शिक्षक उभे आहोत आणि बरोबर मध्यभागी, हात पोटावर बांधून, मी. माझ्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंनी चार-दोन अक्षरं दिसतात. मोठा करून करून पाहिला. माझा शर्ट तेवढा स्वच्छ दिसतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी वही घेऊन पंचवटीला जायचो आणि बाईंना वाचून दाखवायचो. पहिले काही आठवडे त्या डोळे मिटून ऐकायच्या. एके दिवशी पेपरच्या लाइननंतर मी पोलीस लाइन वाचली आणि बाईंनी डाव्या हातानं पलंगावर चापट मारली. ‘नाही, नाही.’ पुन्हा वाचलं, पुन्हा तिथंच चापट. स्वातीला वाटलं, दुखतंय. बाईंनी बोट उचललं, समोरच्या भिंतीवर खिडकीच्या वरच्या बाजूला दाखवलं, मग खाली दारापाशी. मला काही उमजेना. स्वातीलाच कळलं. ‘सर, मावशी जागा दाखवतेय. तुम्ही शेजारशेजार वाचताय, ते शेजारी नव्हते.’

भिंत पुसली गेलीच नव्हती. आत सगळी शाबूत होती, कोण कुठं, कुणाच्या वर कुणाच्या खाली, आणि बाहेर यायला वाट नव्हती. मी चार मोठी कार्डशीट आणून एकमेकांना चिकटवली आणि पलंगाशेजारच्या भिंतीवर, बाईंचा हात पोचेल अशी लावली. एकेक ओळ चिठ्ठीवर लिहून ती कागदावरून सरकवायची, बाई बोटानं खूण करतील तिथं थांबायचं आणि चिकटवायची. बरोबर जागी आली की त्या बोट टेकवायच्या. संगीताची चिठ्ठी मी न विचारता खाली डावीकडं नेली, तर त्यांनी माझा हात धरून दोन बोटं वर सरकवला. तिथं बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. बोलणं शिकवणारी मुलगी हे बघून खूश झाली, म्हणाली, आत पुष्कळ शिल्लक आहे. मग तिनंच खालच्या आवाजात सांगितलं की त्यामुळं बोलणं परत येईलच असं मात्र नाही.

तीन आठवड्यांत चिठ्ठ्या संपल्या. बाई संपल्या नव्हत्या. त्यांचं बोट कागदावर फिरायचं, इथं, इथं, हे इथं. मी त्या जागी पेन्सिलनं गोल काढायचो. गोल वाढत गेले, चिठ्ठ्यांहून कितीतरी जास्त. मी अंदाज सांगायचो. टेलिफोनची लाइन? दुधाची? वहीतली समासाची? क्वचित एखाद्यावर बोट टेकायचं. बाकी सगळ्याला नाही, नाही, नाही, आणि मग त्या थकून भिंतीकडं पाठ करायच्या. मला वाटू लागलं की हा मी त्यांचा छळ चालवलाय. ज्यानं दार चिणलं त्यानंच बाहेर उभं राहून आत काय आहे म्हणून विचारायचं. पण मी गेलो नाही त्या शुक्रवारी त्यांनी जेवण परत पाठवलं, असं स्वाती म्हणाली. म्हणून जात राहिलो.

एक गोष्ट मी विचारली नाही. बोट टेकवून बाईंना आता हो म्हणता येत होतं. म्हणजे मला विचारता आलं असतं की बाई, भिंतीचं मला माफ केलंत का. प्रश्न अनेकदा ओठांवर आला. बोट टेकलं नसतं तर? त्या भीतीनं मी चिठ्ठ्या नीट करत बसायचो, डिंकाच्या बाटलीचं झाकण लावायचो, रिक्षा मिळणार नाही असं काहीतरी पुटपुटून उठायचो. तो प्रश्न आता माझ्यापाशीच राहणार आहे, आणि मला त्यातून सुटका दिसत नाही. काळ सगळं बरं करतो म्हणतात. माझा अनुभव असा की काळ फक्त साक्षीदार घेऊन जातो.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला. त्यातून बाई उठल्या नाहीत. तो ‘नाही’सुद्धा गेला होता. नऊ दिवसांनी त्या गेल्या.

दहावं रामकुंडावर झालं. नंतर घरी काही जुने विद्यार्थी आले, चिठ्ठ्यांमध्ये आपापली ओळ शोधून तिच्याजवळ उभे राहिले. सगळे गेल्यावर एक बाई आली, पिशवीत झेंडूची फुलं. स्वातीनं ओळख करून दिली, ही सुनंदा, भाजीबाजारात फुलं विकते, मावशी नेहमी हिच्याकडूनच घ्यायची. सुनंदानं मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, सर, मी आठवी ‘ब’ची. ती ना ग्रुपवर होती ना माझ्या फोनच्या यादीत. तिनं फुलं फोटोपुढं ठेवली, कार्डशीटसमोर आली, एका नजरेत सगळं बघितलं आणि उजवीकडं वर, एका रिकाम्या गोलावर बोट ठेवलं.

‘माझं इथं व्हतं.’

मी विचारलं, ‘काय लिहिलं होतंस?’

ती म्हणाली, ‘बाईंनी स्टूल दिला व्हता. माझे पाय लटपटत व्हते, मंगलनं स्टूल धरला व्हता. निळा रंग व्हता, हातावर ओघळला, आई लय बोलली. हे समदं आठवतं, सर.’ मग तिनं मान हलवली. ‘काय लिवलं ते नाय आठवत. लय दिवस झाले. तुमाला आठवत असंल ना? तुमी तर रोज यायचे वर्गावर.’

रोज जायचो. मुख्याध्यापक होईपर्यंत, आठवी ‘ब’ला गणित. ती वर्गाची मागची भिंत होती, मुलांची तिच्याकडं पाठ असायची. फळ्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या ती बरोबर समोर यायची. रोज पस्तीस मिनिटं, इतकी वर्षं, ती माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी ती एकदाही वाचली नव्हती.

सुनंदाला मी हे सांगितलं. तिला त्यात काय बोलण्यासारखं आहे ते कळलं नसावं. बाजाराची वेळ झाली म्हणून ती निघाली, आणि स्वातीनं पेन्सिल घेऊन त्या गोलात, जिथं ओळ असायला हवी होती तिथं, नुसतं तिचं नाव लिहिलं.